टिलव्याचे पाय

टिलव्याचे पाय काळे की पिवळसर, एवढ्याशा प्रश्नापायी मी खर्चात पडलो. छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. पक्षी चिमणीएवढा, आणि उभा कुठे, तर नाथसागराच्या पाणफुगवट्यात, अडीचशे मीटरवरच्या चिखलात. गळ्यातल्या 8 बाय 42 च्या दुर्बिणीतून तिथे काहीतरी तुरुतुरु पळतंय, एवढंच कळतं.

पाथर्डीहून शेवगावमार्गे हा पाणफुगवटा गाठता येतो. 1986 पासून ते पक्षी अभयारण्य आहे. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागलं की उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी पेरणी करतात, ती गाळपेर. पाणी मागे सरकतं तसा ओला चिखल सरकतो आणि चिखलामागोमाग पक्षी. नोव्हेंबरात बांधावरून दिसणारे थापटे आणि शेकाटे फेब्रुवारीत नुसते ठिपके होतात. पुढे जावं तर पायाखाली कुणाचा तरी हरभरा, त्यापुढे गुडघाभर रुतण. म्हणजे जवळ जायचं ते भिंगातूनच. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावर चढवलेली एका डोळ्याची दुर्बीण, घ्यायचं ठरलं ते त्यामुळे.

“किती पॉवरची?” हा प्रश्न दुकानात ऐकला, गल्लीतही ऐकला. मीही त्याच्याच नादात होतो. मग एका मित्राचा 20-60 बाय 80 चा स्कोप दोन रविवार मागून आणला. यातले 80 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. त्याला पॉवरने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. 20 वर ती 4 मिलिमीटर, 60 वर जेमतेम 1.3. संध्याकाळी बुबुळ मोठं होऊन प्रकाशाची वाट बघतं आणि आपण त्याला सुईएवढी धार देतो. सकाळी नऊनंतर वेगळीच गंमत. चिखलावर झळा नाचू लागल्या की 60 वर टिलव्याचे पाय मेणासारखे वितळायचे. तिशीवर आणलं की पुन्हा दोन काड्या. भिंग पक्ष्याबरोबर झळाही मोठ्या करतं, वाराही मोठा करतं. हे छापील माहितीपत्रकात कुठेच नव्हतं. 240 मीटरवरचा पक्षी 8 पटीत 30 मीटरवर आल्यासारखा दिसतो, 30 पटीत 8 मीटरवर. तेवढ्यात पायांचा रंग कळतो. मग साठ पट कुणासाठी?

शेवटी 16-48 बाय 65 चा घेतला, वजनाने हलका, मोटरसायकलवर पाठीला सोसेल असा. चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो का, ते आधी पाहिलं. तारेवरचा कावळा पांढुरक्या आभाळासमोर धरून कडेला जांभळी झालर येते का, तेही. चांगल्या काचेची पारख तिथेच होते. चूक केली ती तिकाटण्यात. पैसे वाचवायला लग्नाच्या फोटोंचं हलकं तिकाटणं जुन्यात घेतलं. माळावरच्या वाऱ्यात पक्षी थरथरायचा, की मी, कळेना. पाच लिटरचा पाण्याचा कॅन मधल्या दांड्याला टांगला तेव्हा कुठे चित्र बसलं. पुढच्या वर्षी बरं तिकाटणं घेतलं, आणि सगळे पैसे आधी त्याच्यावरच का टाकले नाहीत, असं झालं.

डोळा लावायची नळी सरळ की वाकडी, यावर पक्षीवाले तासन्‌तास भांडतात. जीपच्या खिडकीतून बघायचं तर सरळ बरी. मी 45 अंशांत वाकलेली घेतली ती गुरूमुळे. 2025-26 च्या हिवाळ्यात गुरू मिथुनेत होता. पाथर्डी 19 अक्षांशावर, त्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळपास डोक्यावर यायचा. सरळ नळीतून त्याला बघायचं तर जमिनीवर उताणं पडावं लागलं असतं. 16 पटीतही त्याचे चारही मोठे चंद्र एका रांगेत दिसतात. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत ते पाहिले तेव्हा त्याच्या दुर्बिणीची पॉवर वीसच्या आसपास होती.

शनीने मात्र फजिती केली. नोव्हेंबर 2025 मध्ये गल्लीतली पोरं गच्चीवर जमवली, कडी दाखवतो म्हणालो. दिसला तो एक गोळा, आरपार टाचणी टोचल्यासारखा. काच खराब निघाली म्हणून मी हबकलोच. पोरांनी सौजन्याने “भारी” म्हटलं. खरं कारण असं, की साधारण दर पंधरा वर्षांनी शनीची कडी आपल्याला धारेकडून दिसतात. तशी ती मार्चमध्ये आली होती आणि नोव्हेंबरात पुन्हा जवळपास त्याच स्थितीत होती.

जानेवारीत गाळपेरावर स्कोप लावून बसलो होतो. पाय पिवळसर होते, वहीत टिपलंही. मागे मोटरसायकल थांबली.

“काय बघता सर?”

“टिलवा. बघायचा?”

त्याने डोळा लावला, दांडी धरून स्कोप पक्ष्यावरून हळूच डावीकडे वळवला, पाण्याच्या कडेला जिथे मोटरी मांडलेल्या होत्या तिकडून पाइपाच्या तोंडाशी आणून थांबला.

“धार नाही पडत,” तो म्हणाला. “फ्यूज उडाला बहुतेक,” आणि किक मारून निघाला.