उजेडाची उघडझाप आणि फेफरे

१६ डिसेंबर १९९७ ची गोष्ट. जपानात संध्याकाळी मुले दूरदर्शनवर 'पोकेमॉन' ही चित्रमालिका पाहत होती. गोष्टीत एक स्फोट झाला आणि पडदा तांबडा-निळा, तांबडा-निळा असा सेकंदाला सुमारे बारा वेळा लखलखू लागला. खेळ अवघ्या काही सेकंदांचा. पण त्यापायी सुमारे ६८५ मुलांना दवाखान्यात न्यावे लागले. कुणाला मळमळले, कुणाला अंधारी आली, तर कित्येकांना चक्क फेफरे आले. पूर्वी कधीच झटका न आलेली मुलेही त्यांत पुष्कळ होती.

असे का व्हावे? आपला मेंदू विजेच्या सूक्ष्म लहरींवर चालतो. एरवी त्यातील पेशी बाजारातल्या गर्दीसारख्या, जो तो आपल्या कामात. पण डोळ्यांवर उजेड ठेका धरून आदळू लागला, की काहींच्या मेंदूतील पेशी त्याच ठेक्यावर एकदम उसळतात. लेझमीच्या तालावर सारी आळी नाचू लागावी तशा! ताल आवरेनासा झाला, की झटका येतो. सेकंदाला पंधरा ते वीस वेळा होणारी उघडझाप सर्वांत बाधते.

मात्र प्रत्येक फेफऱ्याचे खापर उजेडावर फोडू नका. अपस्माराच्या शंभर रुग्णांत असे साधारण तीन ते पाचच. तेही बहुधा शाळकरी वयाचे. मेंदूचा विद्युत्-आलेख काढताना डोळ्यांपुढे दिवा लुकलुकवून डॉक्टर हे ताडून पाहतात.

अशांना वरातीतले लखलखते दिवे, पडद्यावरचे खेळ, झाडांच्या रांगेतून एस.टी.च्या खिडकीत येणारी ऊनसावलीची उघडझाप यांचा त्रास होऊ शकतो. तसा उजेड समोर आला तर एक डोळा तळहाताने नीट झाकावा आणि तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटून भागत नाही. पापण्यांतून उजेड आत शिरतोच. जागरण टाळावे, औषध आपल्या मनाने बंद करू नये.

आता गुरुजींसाठी. वर्गात मुलाला झटका आला तर घाबरू नका. आजूबाजूची बाके सरकवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके ओसरताच कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही साधत नाही. झटका बहुधा आपणहून थांबतो. घड्याळ मात्र पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा लागोपाठ दुसरा आला, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि त्या मुलाला, विशेषतः मुलीला, शाळेतून काढू नका. हा रोग शिवल्याने लागत नाही, बाहेरची बाधाही नव्हे. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाआड येणारा दोष मानला जाई. १९९९ साली ते कलम काढून टाकले गेले. कायद्याने डाग पुसला. आपल्या मनातला पुसणे आपल्याच हाती आहे.