परक्या घरातलं लेकरू

पुण्यात औंधकडे जाणं झालं असेल तर ‘ब्रेमेन चौक’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ब्रेमेन हे जर्मनीतलं शहर. पुण्याशी त्याची जुनी मैत्री आहे, म्हणून चौकाला त्याचं नाव. मुंबईचं असंच नातं 1968 पासून जर्मनीतल्याच श्टुटगार्टशी आहे. याला ‘सिस्टर सिटी’ म्हणतात, म्हणजे भगिनी शहरं. शब्द मोठा गोड आहे. पण मैत्रिणींनो, बहिणी म्हटलं की येणं-जाणं आलं, माहेरपण आलं, एकमेकींची पोरं सांभाळणं आलं. आपल्याकडे बातमी छापून येते ती बहुधा दौऱ्याची आणि शाल-श्रीफळाच्या फोटोची!

इंग्लंड आणि जर्मनीतल्या गावांनी अशी नाती जोडली, त्यातली एक गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका बाईची आहे. रेडिंग हे इंग्लंडमधलं मध्यम आकाराचं शहर. 10 फेब्रुवारी 1943 ला एका जर्मन विमानानं तिथं भर वस्तीत बॉम्ब टाकले. एका खाणावळीवरही बॉम्ब पडला. 41 माणसं गेली. पुढं 1947 मध्ये या शहराच्या महापौर होत्या फीबी कस्डेन. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात लोक उद्ध्वस्त घरांत, अर्धपोटी दिवस काढताहेत हे समजल्यावर त्यांनी मदत गोळा केली आणि तिथल्या सहा मुलांना रेडिंगला बोलावून घेतलं. ही मुलं रेडिंगच्या कुटुंबांत राहिली.

त्या वेळी इंग्लंडात ब्रेडसुद्धा रेशनवर मिळत होता. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या विमानानं शेजारचं माणूस मारलं, त्यांचं लेकरू आपल्या स्वयंपाकघरात बसवायचं आणि आपल्या मोजक्या तुकड्यातला घास त्याला द्यायचा. हे त्या घरातल्या बाईला किती जड गेलं असेल? तरी तिनं दिला. दोन्ही शहरांचा औपचारिक करार खूप नंतर झाला. आधी ताटं वाढली गेली, मग सह्या झाल्या.

हे वाचलं की मला आपलं वळिवडं आठवतं. कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरचं, शहराच्या अगदी जवळचं गाव. 1943 ते 1948 या काळात इथं पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत फौजांनी 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधून ही माणसं घराबाहेर काढली आणि सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. थंडीनं, उपासमारीनं कितीतरी जण वाटेतच गेले. जे सुटले ते 1942 मध्ये इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष पोलिश सैन्यात गेले. म्हणून वळिवड्याला उतरल्या त्या मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

म्हणजे पाच वर्षं ते अख्खं गाव बायकांनी चालवलं. कौलारू बराकी, प्रत्येक कुटुंबाला छोटी जागा, तिथंच चूल. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, मुलांची स्काउटची पथकं, सगळं होतं. नवरा लढाईवर, त्याचं पत्र कधी येईल ठाऊक नाही, आणि ही बाई कोल्हापूरच्या उन्हात पोरांना त्यांची भाषा विसरू देत नाही. माझ्या सासूबाई तेव्हा लहान होत्या. त्या सांगायच्या, ‘गोऱ्या बायका भाजी घ्यायला यायच्या, बोटं दाखवून भाव करायच्या. आम्हाला वाटायचं साहेबाच्या मडमाच. पण यांच्या अंगावर दागिना नाही, चेहऱ्यावर हसू नाही. मग आई म्हणाली, अगं यांचं घर गेलंय.’ सासूबाईंना युद्धाबिद्धातलं काही कळत नव्हतं. घर जाणं म्हणजे काय, ते कळलं.

युद्ध संपलं तरी यातल्या बहुतेकींना परत जाता आलं नाही, कारण त्यांची गावंच आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी कॅनडाला पांगलं. मोजक्या मुली लग्न करून इथल्याच झाल्या. आणि ती छावणी? फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना तिथं आसरा मिळाला. आपण लग्नाचा बस्ता बांधायला ज्या गांधीनगरला जातो ना, तेच हे. एका निर्वासित बाईची चूल विझली आणि दुसरीची पेटली.

पण येणं-जाणं थांबलं नाही. छावणीत वाढलेली मुलं म्हातारी होईपर्यंत कोल्हापूरला येत राहिली. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या माणसांची थडगी आहेत. सप्टेंबर 2019 मध्ये पोलंडच्या शिष्टमंडळाबरोबर यातले काही जण पुन्हा आले होते. तिकडे वॉर्सात 2017 पासून वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान तिथं गेले आणि दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतात बोलावण्याची योजना जाहीर झाली. तिला नाव आहे नवानगरच्या जामसाहेबांचं, ज्यांनी जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला होता.

चांगलंच आहे. पण ही मुलं येतील ती घरात राहतील की हॉटेलात? आणि आपली पोरं तिकडे कधी जाणार?

रोटरीच्या युवक देवाणघेवाण योजनेत परदेशी मुलं वर्षभर आपल्याकडच्या कुटुंबांत राहतात आणि आपली तिकडच्या. माझ्या शेजारणीच्या मुलीला जायची फार इच्छा होती. हुशार पोर, घरची परिस्थितीही बरी. शेजारीण म्हणाली, ‘अवो वहिनी, पोरगा असता तर पाठवला असता की. पोरीला परक्या घरात कसं सोडायचं?’ दोन वर्षांनी त्याच पोरीचं लग्न ठरवून तिला परक्या घरात सोडून आली. तेव्हा कुणाला भीती वाटली नाही. घराची चौकशी करावी, फोनवर बोलावं, खात्री करून घ्यावी हे मलाही मान्य आहे. पण स्थळासाठी एवढी चौकशी आपण करतोच की.

पाहुणी मुलगी घरी ठेवायला मात्र तीच शेजारीण एका पायावर तयार असते. खोली रिकामी आहे, म्हणते, आणून सोडा. फक्त जेवणाचं तिला आधीच सांगून ठेवलंय. पहिल्या दिवशी तांबडा रस्सा नको. पांढरा दे, आणि तोही मिरची बघून.