पत्र्याखाली पेंढा

कार्तिकी एकादशीला साजगावात बोंबल्या विठोबाची जत्रा भरते, तोवर खालापूर-कर्जतकडची भातकापणी आटोपत आलेली असते. झोडणी झाली की दाणा घरात आणि पेंढा उडवीवर, नाहीतर गोठ्याच्या माळ्यावर. तो रचतात गुरांसाठी. पण वैशाखातल्या दुपारी गच्च भरलेल्या माळ्याखालून निघून शेजारच्या उघड्या पत्र्याच्या खोलीत शिरलं, की फरक अंगालाच कळतो.

पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. तापला की झळ थेट खाली. स्लॅबचं उलट. तो दिवसभर ऊन साठवतो आणि माणसं आडवी झाली तरी धग सोडत राहतो. पेंढा मात्र ऊन वरच्या वर अडवतो. भाताची काडी मोडून पाहिली तर ती पोकळ असते, पेरापेराशी बंद. अशा असंख्य काड्यांत आणि त्यांच्यामध्ये हवा अडकते, आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही.

ग्लासवूल आणि थर्माकोलही याच हवेच्या जोरावर चालतात. सारख्या जाडीत तेच सरस: त्यांची उष्णतावाहकता ०.०३५ ते ०.०४ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, तर दाबून बांधलेल्या पेंढ्याची ०.०५ ते ०.०७. मात्र अशा दाबलेल्या पेंढ्याचे गठ्ठे रचून केलेली भिंत ४५ सेंटिमीटरपर्यंत जाड होते, म्हणजे जवळजवळ फूटभर ग्लासवूलच्या तोडीची.

अमेरिकेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर लाकूड मिळेना, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी गठ्ठे रचून घरं उभारली. तिथे घरातली ऊब राखायची होती.

इथे ऊन अडवायचं, आणि त्याहून अवघड म्हणजे पाऊस. वर्षाकाठी तो ३००० मिलिमीटरच्या वर जातो. गठ्ठ्यातला ओलावा २० टक्क्यांपुढे टिकला की बुरशी धरते. भाताच्या काडीत सिलिका जास्त, त्यामुळे ती गव्हाच्या काडापेक्षा सावकाश कुजते, पण कुजतेच. कारवीच्या कुडाला जे लागतं तेच मग या भिंतीलाही लागतं: उंच जोतं, पुढे आलेली वळचण आणि आतला दमट वाफारा बाहेर जाऊ देणारा मातीचा गिलावा. घट्ट दाबलेला, लिंपलेला पेंढा सहज पेटत नाही. माळ्यावरच्या सुट्या पेंढ्याला मात्र ठिणगीही पुरते. त्यामुळे चुलीच्या वर तो नको, त्यातून वायर नको, आणि पत्र्याखाली वारा खेळायला वीतभर जागा मोकळी हवी.