आढाव्यातील आकडे आणि आजीचे बोलणे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील अनेक गावांच्या गल्ल्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. काही लेकरे आईबापांबरोबर फडावर जातात, तर काही आजी-आजोबांपाशी मागे राहतात. आपल्याही मांडीवर असे एखादे नातवंड असेल, तर ज्या बैठकीला आपण कधीच जाणार नाही, तिच्याविषयी थोडे जाणून घ्यावे.

ही बैठक म्हणजे अंगणवाडी सेविकांची मासिक आढावा बैठक. साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असते. जुन्या मंडळींना ती ‘मुख्यसेविका’ या नावाने आठवत असेल. महिन्यातून एकदा ती आपल्या बीटमधील सेविकांना एकत्र बोलावते. किती मुलांची वजने झाली, घरपोच आहार कितींना मिळाला, पोषण ट्रॅकरवर किती नोंदी राहिल्या, असे प्रश्न एकामागून एक येतात. सेविका आकडा सांगते आणि पाळी पुढे सरकते. आकडे हवेतच, त्यांच्यावाचून कुपोषणाचा अंदाजही बांधता यायचा नाही. परंतु केवळ आकडा ऐकणे म्हणजे बालकाविषयी ऐकणे नव्हे.

समजा, साडेतीन वर्षांची एक मुलगी आहे. ऑक्टोबरमध्ये तिचे वजन १३ किलो होते, डिसेंबरात १२ किलो ४०० ग्रॅम झाले. वयाच्या मानाने हे वजन अजूनही ‘सर्वसाधारण’ श्रेणीतच मोडते. दंडाचा घेर मोजण्याची पट्टीही हिरवाच रंग दाखवील. कारण तीव्र कुपोषणाचा लाल रंग ११.५ सेंटिमीटरच्या खाली आणि पिवळा १२.५ च्या खाली सुरू होतो. ‘तीव्र कुपोषित किती?’ या प्रश्नाला सेविका प्रामाणिकपणे ‘शून्य’ म्हणते. मुलीची आई कारखान्यावर गेल्यापासून ती ताट पुढे ढकलते, रात्री दचकून उठते, अंगणवाडीत दारापाशी बसून राहते, हे सेविकेला ठाऊक असते. मात्र ते सांगण्यासाठी तक्त्यात रकानाच नसतो.

आता सेविकेने धीर करून ही गोष्ट काढली, असे समजू. ‘वजन घटलेच कसे? तुमचे लक्ष कुठे होते?’ एवढे एकच वाक्य पुढच्या महिन्यासाठी तिचे तोंड बंद करायला पुरते. घटलेले वजन हा सेविकेचा अपराध ठरू लागला की काटा खोटे बोलू लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्यवेक्षिकेलाही दोष देऊन भागणार नाही. तिच्या डोक्यावर वरिष्ठांचे आढावे असतात आणि तिचे म्हणणे ऐकून घेणाराही क्वचितच कोणी असतो.

तरीही चांगले ऐकणारी पर्यवेक्षिका ओळखू येते. ती आकड्यांना हात घालण्यापूर्वी विचारते, ‘या महिन्यात कोणत्या लेकराने तुम्हाला काळजीत टाकले?’ मग ती गप्प राहते. ही शांतता अवघड असते. सेविका आधी ‘सगळे ठीक आहे’ म्हणते आणि खरी गोष्ट दुसऱ्या श्वासात येते. पर्यवेक्षिका ती मध्येच तोडत नाही, मोबाइलकडे पाहत नाही. ऐकलेले ती आपल्या शब्दांत परत सांगते : ‘म्हणजे आई गेल्यापासून ती जेवत नाही, आणि आजीला गुडघ्यामुळे तिच्यामागे फिरता येत नाही, असेच ना?’ सेविका मान हलवते, किंवा चूक सुधारते. पुढच्या बैठकीत त्या मुलीची चौकशी आधी होते, तेव्हा आपले म्हणणे वाया गेले नाही, हे सेविकेला कळते.

बालशिक्षणात ही गोष्ट नवी नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीवरील मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. न येणारे मूल काय सांगते आहे, हे त्यांनी ऐकले होते. एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली.

बैठकीत जे ऐकले जायचे, त्याची सुरुवात मात्र आपल्या ओसरीवर होते. सेविका गृहभेटीला आली की आपण बहुधा ‘पोर खातच नाही बघा’ एवढे म्हणून मोकळे होतो. एवढ्यावरून तिने पुढे काय सांगावे? त्याऐवजी नातवंड कधीपासून खात नाही, सकाळी की रात्री, पूर्वी आवडीने काय खायचे, आईचा फोन आल्यानंतर त्याचे वागणे कसे असते, हे सांगा. जुलाब, ताप, पायावर सूज असेल तर आधी तेच सांगा, आणि बैठकीची वाट न पाहता आशाताईंबरोबर आरोग्य केंद्र गाठा. आपले गुडघे दुखतात, रात्री डोळा लागत नाही, हेही लपवू नका. लेकराला भरवणारा हात थकलेला असणे ही लेकराच्याच तब्येतीची बातमी आहे. कमी ऐकू येत असेल तर सेविकेला समोर बसवून सावकाश बोलायला सांगावे, त्यात संकोच कसला!

वजनाच्या दिवशी स्वतः जा, किंवा शेजारच्या कोणाला पाठवा. मागचे वजन किती होते, हे विचारा. सेविका वृद्धी आलेखावरील रेघ दाखवील. बिंदू कोणत्या रंगात आहे यापेक्षा रेघ वर चढते आहे की खाली उतरते आहे, हे पाहा. उतरत असेल तर म्हणा, ‘ताई, हे बाईंच्या कानावर घाला.’ आणि पंधरा दिवसांनी, आहार घ्यायला गेल्यावर, बाई काय म्हणाल्या ते आठवणीने विचारा.