कुंडीत लाला फुलेल का?

उर्दू जाणणाऱ्या घरांना नर्गिस, लाला आणि सुंबुल ही नावे परकी नाहीत. शायरीत ती पावलोपावली भेटतात. नर्गिस आणि सुंबुल तर आपल्या मुलींचीही नावे आहेत. लाला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्यूलिपचे कंद आता घरपोच मिळतात. चित्र पाहून मुले हट्ट धरतात आणि अम्मीही हौसेने कंद मागवते. पैसे खर्च करण्याआधी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

ट्यूलिप हे थंड मुलखातले फूल. श्रीनगरला दल सरोवराजवळ 2007 मध्ये खुल्या झालेल्या ट्यूलिप बागेत हिवाळ्यापूर्वी कंद लावतात. ते थंडीत जमिनीखाली राहतात आणि मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलतात. कंदाला सुमारे 12 ते 16 आठवडे 9 अंशांखालची थंडी मिळाली नाही, तर दांडा नीट वाढत नाही. आपल्याकडे इतकी थंडी कुठली? काही जण कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. तसे करायचे तर शेजारी सफरचंद ठेवू नये. पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी करपते. एवढे करूनही आपल्या उन्हात तो कंद पुढच्या वर्षी सहसा फुलत नाही.

म्हणून आम्ही सुचवतो ती लिली. रोपवाटिकेत तिला अ‍ॅमरिलिस म्हणतात. तिला बर्फ नको, फक्त कोरडी विश्रांती हवी. जानेवारी-फेब्रुवारीत तळाला भोक असलेली आठ इंची कुंडी घ्या. दोन भाग माती, एक भाग शेणखत आणि एक भाग वाळू मिसळा. कंदाचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर ठेवा. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताने द्या, नाहीतर कंद कुजतो. साधारण मार्च-एप्रिलमध्ये फूल येते.

फूल सुकले की फक्त दांडा कापावा, पाने कापू नयेत. हीच पाने पुढच्या फुलासाठी कंदात अन्न साठवतात. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका. डिसेंबरमध्ये पाणी थांबवून कुंडी सावलीत ठेवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. नर्गिस, ट्यूलिप, लिली या सर्वांचे कंद विषारी असतात आणि ते कांद्यासारखे दिसतात. ते स्वयंपाकघरात, कांद्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. पिशवीवर ठळक नाव लिहा आणि ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कुणाच्या पोटात कंद गेलाच, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब दवाखाना गाठा.

दोन-तीन वर्षांत मोठ्या कंदाभोवती छोटे कंद धरतात. ते वेगळे करून शेजारीपाजारी वाटता येतात. विकतच्या एका कंदातून साऱ्या मोहल्ल्याच्या खिडक्यांत लिली फुलू शकते.