खिडकीचा रोग पावसात, इलाज उन्हात

दुकानाचा हिशेब लिहिताना आपण भाडे लिहितो, विजेचे बिल लिहितो, हमाली लिहितो. परंतु खिडकीतून आत आलेल्या पाण्याने जो माल डागाळला, जी भिंत फुगली, ते नुकसान कोणत्या खात्यात मांडायचे, हे कोणी ठरवत नाही. सबब हे नुकसान दरसाल होते आणि दरसाल विसरले जाते. वास्तविक खिडकीच्या बहुतेक तक्रारी थोड्या हत्यारांनी आणि थोड्या फुरसतीत घरच्या घरी दूर होऊ शकतात. मात्र त्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. खिडकीचा रोग पावसात दिसतो, पण त्याचा इलाज उन्हाळ्यात करायचा असतो.

हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या दुकानाच्या माडीवरची सागवानी खिडकी लागेना. मी घाईने रंधा आणला आणि झडपेची कड तासून टाकली. खिडकी लागली, मी खूश झालो. पुढे हिवाळा गेला, उन्हाळा आला, लाकूड सुकून आकसले आणि दोन झडपांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली. मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला तो वाऱ्यासह. मांजरपाटाचे दोन गठ्ठे भिजले. पांढऱ्या कापडावर गंजाचे आणि मातीचे डाग पडले, ते धुऊनही गेले नाहीत. तो माल पडेल भावात काढावा लागला. नंतर एका जुन्या सुतार मिस्त्रीने झडप पाहून सांगितले की झडपेच्या खालच्या कडेला कधी रंगच लागलेला नाही; तेथून ती पाणी पीत होती. म्हणजे मी जे जादा लाकूड समजून तासले ते लाकूड नव्हतेच, पाणी होते.

दोन जिल्हे, अनेक हवा

आपल्या भागात एकच नुस्खा सगळीकडे चालत नाही. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला सालाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातील माण आणि खटाव हे तालुके दुष्काळी म्हणून ओळखले जातात. सांगली जिल्ह्यातही शिराळ्याकडे पाऊस भरपूर, आणि जत-आटपाडीकडे धूळ व ऊन फार. पश्चिमेकडच्या पट्ट्यात संततधार पावसाने लाकूड फुगते, लोखंड गंजते. पूर्वेकडे लाकूड उन्हाने तडकते आणि सरकत्या खिडकीच्या खाचेत धूळ भरते. सांगली शहर व कृष्णाकाठच्या गावांची तर गोष्टच वेगळी. २००५, २०१९ आणि २०२१ साली तेथे पुराचे पाणी घरांत व दुकानांत शिरले. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते.

प्रथम पाण्याची वाट शोधा

खिडकीतून पाणी येते असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा ते खिडकीतून येतच नाही. ते छज्ज्याच्या भेगेतून, चौकट व भिंत यांच्या सांध्यातून किंवा खिडकीच्या खालच्या फरशीवरून येते. हे ओळखण्याची रीत सोपी आहे. कोरड्या दिवशी एकाने आत उभे राहावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने बेताचे पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी. आधी खालची फरशी, मग दोन्ही बाजूंचे सांधे, शेवटी वरचा छज्जा. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे. ज्या ठिकाणी पाणी सोडताच आत ओल दिसते, तीच पाण्याची वाट. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही.

खिडकीखालची शहाबादी किंवा कडाप्पा फरशी बाहेरच्या बाजूस उतरती हवी. ती आत उतरती असेल तर बाकीची कोणतीही मरम्मत फुकट जाते. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून बोटभर आत, एक लांब खाच असावी. पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडते. खाच नसेल तर ते छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येते.

चौकट आणि भिंत यांच्या फटीत सिमेंट भरण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु लाकूड हलते, सिमेंट हलत नाही. त्यामुळे एका वर्षात तेथे पुन्हा चीर पडते. फट साफ करून, पूर्ण कोरडी करून तिच्यात लवचिक सीलंट भरावे. वरून रंग द्यायचा असेल तर ॲक्रिलिक सीलंट घ्यावे, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही. ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा वास येतो ते धातूला गंजवते. लोखंडाजवळ ते वापरू नये.

लाकडी खिडकी अडकते तेव्हा

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. तीन इंच रुंदीची सागवानी पट्टी पावसाळ्यात सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदावू शकते. दोन झडपांच्या उभ्या पट्ट्या चार. म्हणजे एकूण वाढ दोन मिलिमीटरच्या आसपास झाली. एवढ्यानेच खिडकी अडकते. हलके किंवा न मुरलेले लाकूड असेल तर वाढ आणखी जास्त.

लाकडाची ही चाल आपल्या मिरजेच्या सतारमेकर कारागिरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तेथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सुकलेल्या, मुरलेल्या लाकडालाच हत्यार लावायचे, हा त्या हुनराचा पाया आहे. खिडकीलाही तोच नियम लागू आहे.

पावसाळ्यात फक्त एवढेच करावे. चौकटीच्या आतील कडेला खडू घासावा आणि झडप हळू लावून उघडावी. झडपेवर जेथे खडू उमटेल तेथे ती घासते. त्या जागी पेन्सिलीने खूण करावी आणि मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासून काम भागवावे. रंध्याला हात लावू नये. एप्रिल महिन्यात लाकूड सुकल्यावर झडप अजून घासत असेल तरच खुणेच्या जागी थोडे थोडे तासावे. सुक्या दिवसांत चारी बाजूंनी सुमारे दोन मिलिमीटर, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढी, जागा मोकळी राहिली म्हणजे पुरे. तासलेली कड त्याच दिवशी प्रायमर लावून झाकावी, आणि वरची व खालची कड रंगवायला विसरू नये. लाकडाची टोके तेथे उघडी असतात व तीच सर्वात जास्त पाणी पितात. रंगारी ती सोडून देतो, कारण ती डोळ्याला दिसत नाहीत.

बिजागरी आणि स्क्रू

कित्येकदा लाकूड फुगलेलेच नसते. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन झडप खाली बसलेली असते. झडप उघडून टोकाला किंचित वर उचलून पाहावी. हलली तर दोष बिजागरीचा. स्क्रू आवळूनही नुसता फिरत असेल तर भोक मोठे झाले आहे. स्क्रू काढावा, आगपेटीच्या गुल तोडलेल्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकाव्यात, बाहेर आलेला भाग कापावा आणि एक दिवस थांबून स्क्रू पुन्हा बसवावा. एका वेळी एकच बिजागरी सोडवावी, आणि झडपेखाली पाचर किंवा कोणाचा तरी हात असावा.

काच आणि लांबी

काचेच्या कडेची लांबी वाळून तुटली की पाणी लाकडाच्या खाचेत उतरते आणि झडप आतून कुजते. सुटलेली लांबी पटाशीने खरवडावी, खाच साफ करून तिला प्रायमर द्यावा आणि नवी लांबी भरावी. खडूची भुकटी व उकळलेले जवसाचे तेल मळून ही लांबी घरीही तयार होते. कणकेसारखी घट्ट मळावी. हाताला चिकटली तर भुकटी कमी आहे असे समजावे. लांबी एक-दोन आठवडे वाळू द्यावी, मग रंग द्यावा. रंगाची रेघ काचेवर दोन मिलिमीटर चढली पाहिजे, तरच काच व लांबी यांमधली वाट बंद होते.

फुटलेली काच काढताना जाड हातमोजे घालावेत, आणि काचेवर आधी चिकटपट्टी लावावी. नवी काच खाचेच्या मापापेक्षा लांबीत व रुंदीत तीन-तीन मिलिमीटर कमी कापून आणावी. अगदी घट्ट बसवलेली काच लाकूड हलताच तडकते.

लोखंडी खिडकी

जुन्या शाळा, गोदामे आणि चाळींमध्ये लोखंडी खिडक्या अजून पुष्कळ आहेत. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून लोखंडी चौकटीतली काच कोणी दगड न मारताही तडकते. तारेच्या ब्रशने गंज निघेल तेवढा काढावा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वर रंगाचे दोन हात. गंजावरच रंग चढवणे म्हणजे डाग लागलेल्या थानाला वरून चांगले कापड गुंडाळून ठेवण्यासारखे आहे.

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी

हल्ली नव्या घरांत हीच खिडकी असते. हिच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला लहान भोके ठेवलेली असतात. खाचेत आलेले पाणी त्यातून बाहेर जाते. धुळीने ती बुजतात, पाणी तुंबते आणि घरात सांडते. काही लोक तर मुंग्या येतात म्हणून हीच भोके सिलिकॉनने बंद करतात आणि मग खिडकी गळते अशी तक्रार करतात! जुन्या टूथब्रशने खाच झाडावी, तारेने भोके मोकळी करावीत आणि पेलाभर पाणी ओतून ते बाहेर जाते का ते पाहावे. खाचेत तेल घालू नये. तेलाला धूळ चिकटून चिखल होतो. खिडकी जड सरकत असेल तर झडपेच्या खालच्या कोपऱ्याजवळ बहुधा रोलरचा स्क्रू असतो. तो थोडा थोडा फिरवून झडप सरळ करता येते.

पूर ओसरल्यानंतर

गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा. वाळला की तो दगडासारखा होतो. झडपा उघड्या ठेवाव्यात. फुगलेली झडप ठोकून लावू नये, सांधे निखळतात. ती काढून सावलीत, वाऱ्यावर उभी करावी. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवली तर वाकते. बिजागऱ्या पुसून तेल द्यावे. रंग आणि लांबी यांची घाई करू नये. ओल्या लाकडावरचा रंग आतली ओल कोंडून ठेवतो आणि वर्षाच्या आत फोड येऊन निघतो. कित्येक आठवडे थांबावे लागले तरी थांबावे.

कोठे थांबावे

वरच्या मजल्याची बाहेर उघडणारी झडप, मोठी काच, भिंतीतून सुटलेली चौकट, वाळवी लागलेले लाकूड, ही कामे स्वतः करू नयेत. झडप हातातून सुटून रस्त्यावर पडली तर त्याची भरपाई कोणत्याही बचतीतून होत नाही. तेथे कारागिराला बोलवावे व त्याची मेहनत पुरेपूर द्यावी.

आपल्या सुतार, फॅब्रिकेटर आणि काचवाल्या बंधूंनीही यात आपला धंदा पाहावा. गिऱ्हाईक जुलैमध्ये धावत येते, तेव्हा काम घाईचे होते आणि टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये जुन्या गिऱ्हाइकांकडे स्वतः जाऊन खिडक्या तपासून देण्याचा रिवाज पाडला तर मंदीच्या दिवसांत काम मिळेल आणि गिऱ्हाइकाचा मालही वाचेल.

दुकानदारांनी आणखी दोन गोष्टी कराव्यात. मालाचे गठ्ठे खिडकीखाली ठेवू नयेत. भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवावेत. आणि या पावसाळ्यात वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक खिडकीची तक्रार तारखेसह लिहून ठेवावी: कोणती अडकते, कोठून ओल येते, वारा कोणत्या दिशेचा होता. पुढच्या एप्रिलमध्ये ते पान उघडावे. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागते, आणि वळीव त्याच्याही आधी दार ठोठावतो.