तेरणाकाठची नवी गावठाणे

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपी गेली असताना, लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर आदी गावांना जो भूकंपाचा धक्का बसला, त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि त्यांवर लाकडी खणांनी तोललेले, दरसाल नवा थर चढत गेलेले मातीचे माळवद, ही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंगाला थंडावा देणारी रचना त्या पहाटे काळ ठरली. पाठोपाठ पाऊस आला. पंचनामे चालू असतानाच शेतांच्या कडेला पत्र्याची तात्पुरती घरे उभी राहू लागली.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम आखला गेला, त्यात पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची, आणि घर किती चौरस फुटांचे द्यावयाचे ते कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरवावयाचे, असे ठरले: भूमिहीन व अल्पभूधारक यांस २५०, मध्यम शेतकऱ्यास ४५० आणि मोठ्या जमीनदारास ७५०. धरणीकंपाने मोठा वाडा आणि लहान खोपट यांत भेद केला नव्हता. तो भेद सातबाराच्या उताऱ्याने यथास्थित पूर्ववत केला! तथापि सरकारने आणि देशभरातील दात्यांनी अल्पावधीत हजारो पक्की घरे उभी केली, हे कार्य सामान्य नव्हे, आणि त्याचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे.

माझा आक्षेप घराबाहेर सुरू होतो. जुने गावठाण म्हणजे भिंतीला भिंत लागलेली घरे, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर खोळंबा व्हावा असे बोळ, आणि थोडक्या जागेत सामावलेली सारी वस्ती. नव्या गावांचे नकाशे आखणाऱ्यांना, भिंती पुन्हा अंगावर कोसळू नयेत या रास्त भीतीने आणि काहीशा नागर अभिरुचीनेही, सरळ रुंद रस्ते आणि सुटे भूखंड पसंत पडले. परिणामी कित्येक गावांचा विस्तार पूर्वीच्या अनेक पटींनी वाढला. वस्ती तेवढीच, पण नळाची वाहिनी लांबली, गटारे लांबली, दिव्यांचे खांब वाढले, आणि हा सारा संसार चालवावयाचा कोणी, तर जिची घरपट्टी व पाणीपट्टी कशीबशी वसूल होते त्या ग्रामपंचायतीने.

आता पाण्याचा हिशेब पाहू. त्या काळी ग्रामीण पाणीपुरवठ्याचे सरकारी प्रमाण दरडोई दररोज ४० लिटर असे होते: पिण्यास ३, स्वयंपाकास ५, स्नानास १५, भांडी व घर धुण्यास ७ आणि शौचासाठी १०. नळ कोरडा पडला आणि पाणी हंड्या-कळशांनी दुरून आणावे लागले, की गृहिणी या यादीतील कोणती रकम प्रथम छाटील हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. नव्या घरांबरोबर बांधलेल्या अनेक संडासांत यथावकाश सरपण आणि गोवऱ्या भरल्या गेल्या. या प्रकाराला ‘अडाणीपणा’ म्हणून मोकळे होणारे अधिकारी पुष्कळ आहेत. मला तर डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या त्या बाईचा हिशेब त्यांच्या अंदाजपत्रकाहून अचूक वाटतो. सांडपाण्याची कथाही निराळी नाही. शोषखड्डा हा स्वस्त आणि सुटसुटीत उपाय खरा, पण काळी चिकण जमीन पाणी सावकाश जिरवते, त्यामुळे जिथे ती खोल आहे तिथे खड्डा लवकरच तुडुंब होऊन मोरीचे पाणी रस्त्यावर येते.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा चर्चिला गेला नाही, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा होता. ज्या गावांत घरांची अंशतः हानी झाली होती, तेथे सरकारने स्वतः बांधकाम न करता मालकाच्या बँकखात्यात हप्त्याहप्त्याने रक्कम जमा केली, अभियंत्यांनी भिंती बांधून काढण्याची व मजबुतीची रीत दाखविली, आणि घर ज्याने-त्याने दुरुस्त केले. सुमारे दोन लाख घरे या रीतीने सुधारली. एक हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून स्थानिक स्त्रिया नेमल्या गेल्या. कचेरी आणि उंबरठा यांच्यामधील निरोप पोहोचविणे, कामावर देखरेख ठेवणे हे त्यांचे काम, आणि त्यांतील अनेक जणी पुढे गावच्या पाण्याच्या व आरोग्याच्या प्रश्नांत लक्ष घालू लागल्या. या घरांची विहीर तीच राहिली, शेजार तोच राहिला, उतारावरून पाणी कुठे जाते हे तर त्यांना आजोबांच्या काळापासून ठाऊकच होते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा गावे हलविण्याची कल्पना प्रथम तेथेही पुढे आली होती. गावकऱ्यांनी तिला विरोध केला, किल्लारीचा अनुभव समोर होताच, आणि बहुसंख्य कुटुंबांनी सरकारी मदतीच्या रकमेतून आपली घरे जुन्याच जागी, स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतली.